न उघडता परत

३ मार्च, मंगळवार

चि. स्क्रूस,

आशीर्वाद रागाच्या खाली कुठेतरी आहेत. शोधलेस तर सापडतील.

खोक्यावर मी ठळक अक्षरांत लिहिलंय, ‘आकडे बघणाऱ्या माणसाला द्यावे.’ ते तुझ्यापर्यंत पोहोचलं असेल तर तू हे वाचतो आहेस. नसेल तर जे कोणी वाचत असाल त्यांनी कृपा करून पुढचं वाचू नये, ही घरातली भांडणं आहेत.

तुझा फोन नंबर बदललाय. घराचा पत्ता कोणाला ठाऊक नाही. आपल्याला माल देणाऱ्या डीलरकडून एवढंच कळलं, की तू त्या मोठ्या ऑनलाइन कॉम्प्युटर-पार्टच्या दुकानात असतोस आणि कोणती वस्तू किती खपली याचे आकडे बघतोस. मी ऑफिसच्या पत्त्यावर साधं पत्र टाकलं. तीन आठवड्यांनी ते तसंच परत आलं, वर शिक्का, ‘खासगी टपाल स्वीकारले जात नाही.’ माणसाचं पत्र घेत नाहीत, पण गिऱ्हाइकाने परत केलेला डबा मात्र मुकाट्याने घेतात. मग मी म्हटलं, ठीक आहे, डब्यातून येते.

म्हणून तुमच्या दुकानातून एक पंखा मागवला. कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला लावायचा साधा काळा पंखा. तो निवडला त्यालाही कारण आहे. बाकी सगळ्या वस्तूंखाली ‘दहा हजारांहून जास्त जणांनी घेतला’, ‘पन्नास हजारांहून जास्त’ असे मोठमोठे आकडे. या बिचाऱ्याखाली लिहिलं होतं, ‘आत्तापर्यंत ६४ जणांनी घेतला.’ म्हटलं, खोटंच बोलायचं तर इतकं कमी कोण बोलेल? माझ्या नशिबी एक खरा आकडा आला. मी घेतल्यावर तो ६५ झाला. आता पंखा परत पाठवते आहे, आतला डबा उघडलेलाही नाही, आणि पत्र बाहेरच्या खोक्यात आहे.

दोन वर्षं चार महिने झाले. काही विशेष लिहायचं नव्हतं. दुकान चालू आहे. मी ठीक आहे. तू कसा आहेस एवढंच कळवावंस.

ताई

१९ मार्च, गुरुवार

चि. स्क्रूस,

उत्तर नाही. ठीक. मीही तुझीच बहीण आहे, दुसरा पंखा मागवला.

आधी तुमच्या दुकानाबद्दल दोन शब्द ऐक. मी पंखा परत केला, तुमच्या लोकांनी तो घेतला, पैसेही परत दिले. आणि आकडा? ६५ तो ६५च. मी घेतला तेव्हा लगेच एकाने वाढला, मी परत केला तेव्हा ढिम्म हलला नाही. आज ६७ आहे. म्हणजे घरात राहिलेले पंखे किती ते कोणाला कळणारच नाही. बाबा असते तर म्हणाले असते, गोल कुठाय?

आठवतो ना आपला फळा? अजून खिडकीशीच आहे. एक वस्तू विकली की एक रेघ. परत आली की त्या रेघेभोवती गोल. बाबा रेघ पुसू द्यायचे नाहीत. म्हणायचे, विकली हे खरं आणि परत आली हेही खरं, दोन्ही दिसू दे. लोक बाहेर उभं राहून फळा वाचायचे आणि मग आत यायचे. पन्नास रेघा आणि एकही गोल नाही, असा कीबोर्ड डोळे मिटून घ्यायचे.

परवा आर्किटेक्टबाई आल्या होत्या. वरच्या मजल्यावर ऑफिस आहे ना, त्या. फोन पुढे केला. “ताई, हे ग्राफिक कार्ड बघा. बारा हजार जणांनी घेतलंय. आणि आत्ता नऊ जण बघतायत. घेऊन टाकू का?” मी म्हटलं, बाई, बारा हजार कधीपासून? या वर्षात की दुकान सुरू झाल्यापासून? याच कार्डाचे, की या नावाच्या चारही प्रकारांचे मिळून? पाठवलेले, की लोकांनी ठेवून घेतलेले? त्यांनी फोन पर्समध्ये टाकला. आणि त्या नऊ जणांचं म्हणशील तर मी स्वतः लक्ष ठेवलंय. दुपारी तीनला बघावं तर नऊ, दुकान बंद करताना बघावं तरी नऊ. या नऊ माणसांना घरदार नाही का रे?

हे तुझं काम आहे का? तूच बसवतोस का ती नऊ माणसं?

रागावू नकोस. नाही, रागाव. निदान रागावून तरी लिही.

अनुवादक रोज येतात. तुला वाटत असेल ते आपल्या दुकानाची पायरी चढत नसतील. तेच म्हणाले, त्याला कळव मी बरा आहे. त्यांच्या नऊ महिन्यांच्या कामातली चाळीसएक पानं मी त्या मेलेल्या डिस्कमधून काढून दिली, बाकी त्यांनी पुन्हा केलं. दुसऱ्यांदा जास्त चांगलं झालं म्हणतात. मला बरं वाटावं म्हणून म्हणत असावेत.

पण ते मोठ्या मनाचे आहेत म्हणून तुझी चूक चूक नव्हती असं होत नाही. आपल्या दुकानाच्या वेबपेजवर तू त्या डिस्कखाली लिहिलंस, ‘३१२ जणांनी घेतली.’ आपल्याकडून गेल्या होत्या एकतीस. त्यांनी तीनशे बारा माणसांवर भरवसा ठेवला. मी त्यांच्यासमोर तुला खोटारडा म्हटलं, ते मला म्हणावंच लागलं. दारात तू काहीतरी बोललास, ते मला नीट ऐकू आलं नाही. पंखा चालू होता.

ताई

७ एप्रिल, मंगळवार

स्क्रू,

तिसरा पंखा. कुरिअरवाला आता हसतो. म्हणतो, “ताई, तुम्हाला वारा लागत नाही वाटतं.”

आज भांडायला नाही लिहीत.

सकाळी एका बाईंचा लॅपटॉप उघडला होता. एक स्क्रू निसटला आणि टेबलाखाली गेला. मी टॉर्च घेऊन फरशीवर आडवी झाले आणि तशीच पडून राहिले. तू पाच वर्षांचा असताना गिळलेला स्क्रू आठवला. आई नुकतीच गेली होती, बाबा माल आणायला गेलेले, घरात आपण दोघंच. मी तेरा वर्षांची. तुला खांद्यावर टाकून दवाखान्यापर्यंत पळत गेले, आणि तू माझ्या कानात मजेत सांगत होतास, “ताई, माझ्या पोटात आता कॉम्प्युटर होणार.” डॉक्टर म्हणाले, दोन दिवस वाट बघा. ते दोन दिवस मी कसे काढले ते तुला कधी सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी स्क्रू मिळाला, आणि तुझं नाव पडलं.

तेव्हाही वाट बघणंच होतं, पण दोन दिवसांचं.

खोक्याची टेप बघितलीस का? शेवटचं टोक बोटभर दुमडलेलं आहे. बाबांची सवय. उघडणाऱ्याला नखाने खरवडत बसायला लागू नये म्हणून. तूही तसंच करायचास. तुमच्या दुकानातून येणाऱ्या खोक्यांची टोकं मी रोज तपासते. सगळी चिकटवलेली असतात, सुरीच घ्यावी लागते. तू खोकी बांधत नसणार हे कळतं मला, तरी बघते.

एक सांगायचं राहिलं होतं. तू गेलास त्या संध्याकाळी मी फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात तुझं नाव लिहिलं आणि पुढे एक रेघ ओढली. गेला, विषय संपला, अशा रागाने ओढली. नंतर फळा किती वेळा पुसला, नवा माल आला, जुना गेला. तो कोपरा तेवढा हात आपोआप सोडून पुसतो.

मला तुझी फार आठवण येते. हे लिहिण्याआधी दोनदा खोडलं, म्हणून कागद असा झालाय.

ताई

२५ एप्रिल, शनिवार
‘परत करण्याचे कारण: इतर (कृपया लिहा)’ या रकान्यात

स्क्रू, पंखा चांगला आहे. पत्रं पोचत नसतील म्हणून इथे लिहिते. जेवतोस ना वेळेवर? काल अनुवादकांनी तुझी आठवण काढली. मी नाही काढली. तुझ्या खोलीतलं कपाट मी अजून उघ

१४ मे, गुरुवार

चि. स्क्रूस,

तुमच्या त्या रकान्याला दोनशे अक्षरांची हद्द आहे हे आधी सांगायचं तरी. माझं बोलणं मध्येच तोडणारा तू एकटाच होतास, आता तुझं दुकानही. ‘कपाट मी अजून उघडलेलं नाही’ असं होतं ते. तुझे शर्ट आहेत तसे आहेत. कसर लागली असेल तर तुझं तू बघ.

पण आज मी खुशीत आहे. का ते तुला माहीत आहे!

सकाळी दुकान उघडून सवयीने पंख्याचं पान बघितलं. ‘आत्तापर्यंत ७३ जणांनी घेतला.’ आणि त्याखाली, आधी कधीच नव्हती अशी, एक बारीक ओळ: ‘परत आले: ५.’ मी फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. दुसऱ्या वस्तू बघितल्या. सगळ्यांखाली ती ओळ. त्या बारा हजारवाल्या कार्डाखालीही: ‘परत आले: १,९०६.’ आर्किटेक्टबाईंना हाक मारून दाखवलं. त्या म्हणाल्या, “अगं बाई, बरं झालं थांबले.”

गोल आले, स्क्रू! इतक्या मोठ्या दुकानात आपला गोल आला. हे तूच केलंस. माझी पत्रं पोचतायत. दुसऱ्या कोणी केलं असेल असं मला कोणी सांगू नये, मी ऐकणार नाही.

त्या पाचांतले चार माझेच आहेत. पाचवा कोणाचा देव जाणे.

आज अनुवादकांना आणि आर्किटेक्टबाईंना चहा पाजला. काय झालं ते सांगितलं नाही. अनुवादक म्हणाले, “एवढं हसताना दोन वर्षांत पाहिलं नव्हतं हो तुम्हाला.” मी म्हटलं, दात दुखत होते, आता राहिले.

हा पाचवा पंखा पाठवते. आता एक ओळ लिही ना रे. पंख्याखाली लिहितोस तशी माझ्यासाठी एक.

ताई

२ जून, मंगळवार

चि. स्क्रूस,

हे पत्र पंख्याबरोबर येणार नाही. पंखे मागवणं मी बंद केलं. हे ज्यांच्या हातून येईल त्यांच्याबद्दलच सांगायचं आहे, आणि माझ्याबद्दल. मोठं होईल, बसून वाच.

शुक्रवारी दुपारी एक गृहस्थ आले. पन्नाशीचे, सडपातळ, शर्टाच्या खिशात टेस्टर. हातात कापडी पिशवी. मी ओळखत नव्हते. त्यांनी पिशवीतून दोन पंखे काढून काउंटरवर ठेवले. काळे. मी बघताक्षणी ओळखले.

“ताई, तुम्ही दुरुस्ती करता. तुम्हाला आवाजावरून कळेल,” ते म्हणाले. “हा जरा तुमच्या टेबलावर चालवून बघा, आणि काय वाईट आहे ते मला तोंडावर सांगा. मी राग मानणार नाही.”

तो पंखा ते स्वतः बनवतात. ते, त्यांची बायको आणि दोन कामगार. मी एक तास चालवला. स्क्रू, मी कान लावला तर माझाच श्वास ऐकू आला. इतका गुणी पंखा मी बऱ्याच दिवसांत बघितलेला नाही. तसं त्यांना सांगितलं.

ते म्हणाले, “मग लोक परत का करतात? कमी खपत होता, पण परत कधी येत नव्हता. दोन वर्षांत एकच आला होता, त्याच्या केबलची पिन वाकली होती, माझीच चूक. आता तीन महिन्यांत पाच. त्या लोकांनी परत आलेल्यांचा आकडा दाखवायला सुरुवात केली, आणि आठवड्याभरात माझ्या पंख्यावर लाल पट्टी आली. ‘वारंवार परत येणारी वस्तू.’ तेव्हापासून एकही गेला नाही. मी दुकानादुकानांतून फिरतोय. कोणी कारण सांगत नाही.”

मी विचारलं, तुम्हाला कारणं कळवत नाहीत का?

“एकाचं कळवलं,” म्हणाले, आणि घडी घातलेला कागद काढला. “पण ते मला कळेना. यात लिहिलंय, जेवतोस ना वेळेवर. ताई, हे पंख्याला विचारलंय का मला विचारलंय?”

माझ्या हातातला स्क्रूड्रायव्हर खाली पडला. खरंच पडला.

मी त्यांना बसवलं आणि सगळं सांगितलं. पाचही पंखे मी मागवले, पाचही मी परत केले, एकही उघडला नाही. भावाला पत्र पाठवायला खोकं हवं होतं म्हणून. त्यांनी दोन्ही पंखे उचलून पिशवीत ठेवले. मला वाटलं ओरडतील, आणि ओरडायलाच हवं होतं. शेवटी म्हणाले, “ताई, पत्र लिहायला तुम्हाला माझाच पंखा सापडला?”

मी म्हटलं, त्याचा आकडा खरा वाटला म्हणून.

“होता की खरा,” ते म्हणाले. “तुम्ही यायच्या आधी होता.”

स्क्रू, गेले चार दिवस हे एकच वाक्य डोक्यात फिरतंय. मी तुझ्याकडे गोल मागितले. तू दिलेस. आणि ते गोल खोटे होते, मी काढलेले. विकले गेले ७४, परत आले सहा, दोन्ही आकडे बरोबर आहेत, कोणी एकाचाही फरक केलेला नाही, आणि तरी वाचणाऱ्याला जे कळतं ते खोटं आहे. पाच पंखे खराब म्हणून परत गेलेले नाहीत. एका बाईला तिचा भाऊ हवा होता म्हणून गेलेत. हे कोणत्या रकान्यात बसतं?

आता दुसरं. हे मी मार्चपासून प्रत्येक पत्रात लिहायला बसते आणि दुसरंच काहीतरी लिहून मोकळी होते.

दारात तू काय बोललास ते मला ऐकू आलं होतं. पंखा चालू नव्हता. तू म्हणालास, “ताई, चार रेघा आठवतात का?”

आठवतात. तू अकरा वर्षांचा होतास. बाबांचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, दुकान मी बघत होते. डीलरने गळ्यात मारलेले चाळीस पंखे पडून होते. महिनाभर एकही रेघ नाही. लोक रिकामी ओळ बघायचे आणि पुढे जायचे. मी तुला स्टुलावर चढवलं आणि म्हटलं, काढ चार रेघा. तू म्हणालास, “पण गेला तर एकही नाही.” मी म्हटलं, चार दिसले की पाचवा आपोआप जातो. तू काढल्यास. आणि खरंच महिनाभरात चाळीस गेले. संध्याकाळी तू म्हणालास, “ताई, आपण किती हुशार!” मी तुझ्या केसांतून हात फिरवला. मला तो हात अजून आठवतो.

रेघा तुझ्या हातच्या होत्या, पण खोटं माझं होतं. मग त्या ३१२ साठी चार लोकांसमोर मी तुला खोटारडा कोणत्या तोंडाने म्हटलं? तू सांगत होतास, की तो आकडा आपल्या दुकानाचा नाही, डीलरने सगळीकडे मिळून विकलेल्या डिस्कचा आहे, त्याच्याच यादीतून घेतलाय. तू सांगत होतास आणि मी ऐकत नव्हते. कारण तुला बोलू दिलं असतं तर पुढचं वाक्य त्या चार रेघांचं आलं असतं, अनुवादकांसमोर. मी तुला दुकानाबाहेर काढलं ते खरेपणासाठी काढलं नाही. माझी लाज झाकायला काढलं.

‘आधी खरं बोलायला शीक, मग या दुकानात पाय ठेव’ असं मी तुला म्हणाले होते. ते मला लागू आहे. काल अनुवादकांना बसवून चार रेघांचं सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, “डिस्कची दुसरी प्रत मी ठेवली नव्हती. तो माझा गाढवपणा तुम्ही दोघं का वाटून घेताय?” मग म्हणाले, त्याला बोलवा.

तुमच्या दुकानालाही मी वेगळी चिठ्ठी लिहिली आहे. हे पाच पंखे मी न उघडता परत केले, वस्तूत काहीही दोष नाही, बनवणाऱ्याला शिक्षा नको, माझं खातं बंद करायचं तर करा. दोन्ही पाकिटं पंखेवाले स्वतः घेऊन येणार आहेत. त्यांचंही काम आहे तिथे. माझ्यावर रागावले असूनही नेतायत.

त्यांची पट्टी काढता आली तर काढ रे. माझ्यासाठी नाही, त्यांचा पंखा खरंच चांगला आहे.

आणि मला माफ कर.

ताई

२० जून, शनिवार

स्क्रू,

हे कशात घालून पाठवायचं ते ठरलेलं नाही, लिहून ठेवते.

पंखेवाले जाऊन आले. आत सोडलं नाही म्हणे, बाहेरच्या टेबलाशी बसणाऱ्या मुलीने विचारलं, “आकडे बघणारे सात जण आहेत. कोणाला द्यायचं?” नाव सांगितलं असतं तर काम झालं असतं, पण मी त्यांना तुझं नाव सांगायलाच विसरले होते. माझ्या तोंडी काय, पाकिटावरही स्क्रू तो स्क्रूच. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, “ज्याला बहीण आहे, त्याला द्या.” ती मुलगी हसली आणि दोन्ही पाकिटं ठेवून घेतली. त्या सातांत बहिणी असलेले किती निघाले कोणास ठाऊक.

तेव्हापासून मी रोज उठून ते पान बघते. पान बघते असं म्हणते, पण तुझंच तोंड बघायला गेल्यासारखं वाटतं. लाल पट्टी होती. काल होती. परवा होती.

आज नाही.

आज तिथे असं लिहिलंय: ‘आत्तापर्यंत ७४ जणांनी घेतला. परत आले: ६. त्यांपैकी न उघडता: ५.’

तीन शब्द वाढलेत, स्क्रू. मी काउंटरवर कोपरं टेकून ते तीन शब्द कितीदा वाचले असतील. पंखेवाल्यांना फोन केला, तर ते आधीच वाचून बसले होते. म्हणाले, “ताई, तुमच्या भावाने आकडा एकाने पण बदलला नाही हो. तेवढेच ठेवले, आणि मला सोडवलं.”

मी हो म्हटलं. जास्त बोलले असते तर रडले असते, आणि दुकानात गिऱ्हाईक होतं.

पण हे पंख्यासाठी झालं. मी माझी ओळ शोधत होते, ती कुठे नव्हती. मी पान खालपर्यंत नेलं, पुन्हा वर आणलं. कदाचित तू काम म्हणून केलं असशील. चिठ्ठी आली, तपासली, दुरुस्त केलं. तू कामाला चोख आहेस, ते मीच शिकवलंय. निदान तेवढं तरी मी बरं शिकवलं.

ताई

५ जुलै, रविवार

चि. स्क्रूस,

काल कुरिअरवाला आला. म्हटलं, मी काही मागवलेलं नाही. तो म्हणाला, “मागवलं नसेल, पण आलंय.” खोक्यावर पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं.

मी सवयीने सुरी घेतली. आणि टेपचं टोक बघितलं.

दुमडलेलं होतं. बोटभर.

मी दुकानाचं दार लावून घेतलं. सकाळी अकराला, भर धंद्याच्या वेळी, आर्किटेक्टबाई बाहेरून काच वाजवत होत्या तरी. स्टुलावर बसले, बाबांच्याच, आणि ते टोक नुसतं धरून ठेवलं. लगेच ओढलं नाही.

आत माझीच पत्रं. कागदावरची पाचही. घड्या इतक्या मऊ झालेल्या, की कोणी बरेचदा उघडून मिटल्यात हे कळत होतं. म्हणजे पहिल्यापासून पोचत होती, गुलामा! तीन महिने मला पंखे मागवायला लावलेस.

सगळ्यात खाली तो छापलेला कागद, रकान्यातल्या माझ्या अर्धवट ओळीचा. ‘जेवतोस ना वेळेवर’ च्या खाली पेनाने, तुझ्या त्या डावीकडे कललेल्या अक्षरात: ‘जेवतो. वेळेवर नाही.’ आणि जिथे माझं ‘उघ’ तुटलं होतं त्याच्यापुढे: ‘उघडू नकोस. मी येऊन उघडतो.’

आणि एक छोटी चिठ्ठी. तिच्यावर शब्द नाहीत. एक उभी रेघ, तिच्याभोवती गोल, आणि खाली तारीख. १२ जुलै.

आर्किटेक्टबाईंना वाटलं मला बरं नाही. दार उघडलं तर त्यांनी पाणीच आणलं होतं. मी त्यांना चिठ्ठी दाखवली. त्या म्हणाल्या, “ही काय खूण आहे?” मी म्हटलं, आमच्याकडे परत आलेल्या वस्तूला असं करतात. त्या म्हणाल्या, “काय खराब निघालं होतं?” मी म्हटलं, वस्तू चांगली होती, दुकानदार खराब होता.

हे पत्र पाठवत नाही. बारा तारखेला हातात देईन, समोर उभं राहून वाच. तुझ्या खोलीची खिडकी उघडून ठेवली आहे, कपाट नाही. अनुवादकांनी त्यांच्या पुस्तकाची प्रत तुझ्यासाठी आणून ठेवली आहे. पंखेवाल्यांनाही बोलावलंय, त्यांना तू बघायचा आहेस. जेवायला वेळेवर ये.

आता एक बोलणं तेवढं ऐकून घे, मोठी आहे मी. फळ्याच्या कोपऱ्यात तुझी रेघ अजून नुसतीच आहे. तुझी चिठ्ठी आल्यावर हात शिवशिवला, मार्करचं टोपणही काढलं होतं, पण ठेवून दिला. घाई केलीस तू. बाबांचा नियम विसरलास? वस्तू काउंटरवर आल्याशिवाय गोल काढायचा नाही. चिठ्ठीवरचा तुझा गोल मी मोजलेला नाही.

ये. मग काढते.

ताई